शिधापत्रिका राज्याची सीमा ओलांडते तेव्हा

दिवाळी आटोपली आणि खरिपाचे धान्य घरात येऊन पडले, की नंदुरबार जिल्ह्यातील सातपुड्याच्या पाड्यांवरून मजुरांच्या टोळ्या दक्षिण गुजरातकडे निघतात. कोणी ऊसतोडीला जातो, कोणी वीटभट्टीवर. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राबरोबरच कर्नाटकातील साखर कारखान्यांकडेही वळतात. चार ते सहा महिन्यांचा हा मुक्काम असतो. कोयता, भांडीकुंडी, लहान मुले आणि कधी एखादी शेळी असा सारा संसार बरोबर निघतो. शिधापत्रिका मात्र गावीच पेटीत राहत असे, कारण सीमेपलीकडील दुकानात तिचा काहीही उपयोग नव्हता. ज्या कुटुंबाला कायद्याने दरमहा धान्य देऊ केले होते, तेच कुटुंब वर्षातील जवळजवळ अर्धा काळ बाजारभावाने धान्य विकत घेत असे.

यावर पूर्वी एकच उपाय होता. मूळ गावच्या तहसील कार्यालयातून नाव कमी केल्याचा दाखला घ्यावयाचा, तो नव्या ठिकाणी सादर करावयाचा आणि तेथे नवी शिधापत्रिका मिळवावयाची. कायमचे स्थलांतर करणाऱ्याला हे कसेबसे जमत असे. परंतु फाल्गुन-चैत्रात परत गावी येणाऱ्या मजुराने वर्षातून दोनदा हा खटाटोप करावा, अशी अपेक्षा कोणी करू शकत नव्हते. २०११ च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी लोक आपले मूळ स्थान सोडून अन्यत्र राहत असल्याची नोंद झाली. त्यांत विवाहामुळे सासरी गेलेल्या स्त्रियांची संख्या फार मोठी होती, हे खरे. पण हंगामी मजुरीसाठी बाहेर पडणारा माणूस अशा गणनेत पुरता सापडतच नाही.

९ ऑगस्ट २०१९ रोजी तत्कालीन केंद्रीय अन्नमंत्री रामविलास पासवान यांच्या हस्ते दोन जोड्यांचा प्रारंभ झाला. एक आंध्र प्रदेश व तेलंगण यांची आणि दुसरी महाराष्ट्र व गुजरात यांची. महाराष्ट्राच्या शिधापत्रिकेवर गुजरातच्या रास्तभाव दुकानात आणि गुजरातच्या शिधापत्रिकेवर महाराष्ट्रातील दुकानात धान्य मिळू लागले. १ जानेवारी २०२० पर्यंत १२ राज्ये या व्यवस्थेत आली आणि जून २०२२ मध्ये आसामच्या समावेशाने सर्व ३६ राज्ये व केंद्रशासित प्रदेश एका साखळीत गुंफले गेले. ‘एक देश, एक शिधापत्रिका’ या नावाने ही योजना सर्वपरिचित आहे. तिचे नाव ऐकून अनेकांचा असा समज होतो, की सर्व देशासाठी एकच शिधापत्रिका छापण्यात आली किंवा एकच संगणक प्रणाली बसविण्यात आली. वस्तुतः या दोन्ही गोष्टी घडलेल्या नाहीत, आणि या योजनेचे मर्म नेमके तेथेच आहे.

राज्यागणिक वेगळी मांडणी

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अन्वये धान्याचा पुरवठा केंद्र शासन करते. परंतु लाभार्थी कुटुंबे निवडणे, शिधापत्रिका देणे, दुकानांना परवाने देणे आणि वितरणावर देखरेख ठेवणे ही कामे राज्यांची आहेत. सार्वजनिक वितरण व्यवस्थेच्या संगणकीकरणासाठी केंद्राने सुमारे ८८४ कोटी रुपयांची योजना हाती घेतली, तेव्हाही प्रत्येक राज्याने आपापल्या सोयीने मांडणी केली. छत्तीसगडने २०१२ मध्ये रायपूर शहरात कोणत्याही दुकानातून धान्य घेण्याची मुभा देणारी व्यवस्था उभारली. गुजरातने बारकोड असलेल्या शिधापत्रिका आणि कुपन यांचा मार्ग धरला. आंध्र प्रदेशात आधार क्रमांक व बोटांचे ठसे यांवर आधारलेली ‘एईपीडीएस’ ही प्रणाली उभी राहिली. ती पुढे इतर काही राज्यांनी स्वीकारली आणि महाराष्ट्रातील दुकानांतही त्याच नावाची प्रणाली आली. काही राज्यांची प्रणाली राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने तयार केली, तर काहींनी अन्य मार्ग पत्करले. शिधापत्रिकांचे क्रमांक, नोंदींची भाषा आणि कुटुंबाचे वर्गीकरण यांत तर एकवाक्यता नव्हतीच.

अशा स्थितीत दोन मार्ग संभवत होते. सर्व राज्यांच्या प्रणाली मोडीत काढून एकच नवी प्रणाली उभारावयाची, हा पहिला. असलेल्या प्रणाली जागच्या जागी ठेवून त्यांना एकमेकींशी बोलता येईल एवढीच समान भाषा ठरवावयाची, हा दुसरा. एप्रिल २०१८ मध्ये १२७ कोटी ३० लाख रुपये खर्चाची एकात्मिक व्यवस्थापनाची जी योजना मंजूर झाली, तिने दुसरा मार्ग स्वीकारला. ८८४ कोटींच्या तुलनेत हा आकडा लहान वाटतो, याचे कारण हेच, की जे आधी उभे होते ते पाडावयाचे नव्हते.

समान भाषा म्हणजे तरी काय? प्रथम क्रमांक. राज्यांना शिधापत्रिकेसाठी दहा अंकी क्रमांकाचा नमुना देण्यात आला. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे, उरलेले शिधापत्रिकेचे, आणि त्यापुढे आणखी दोन अंक जोडले की कुटुंबातील प्रत्येक सदस्याचा स्वतंत्र क्रमांक तयार होतो. महाराष्ट्राचा राज्य क्रमांक २७ आणि गुजरातचा २४. क्रमांकाच्या आरंभीच राज्याची ओळख पटत असल्याने विचारणा कोठे पाठवावयाची हे यंत्राला चटकन समजते. दुसरी गोष्ट म्हणजे भाषा. शिधापत्रिकेवरील मजकूर स्थानिक भाषेबरोबर हिंदी वा इंग्रजीतही असावा, असे सुचविण्यात आले. तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सर्व राज्यांतील शिधापत्रिकांचे एक केंद्रीय भांडार व उचललेल्या धान्याची एक सामाईक खातेवही. एकाच व्यक्तीचे नाव दोन राज्यांत असल्यास तेही या भांडारामुळे उघडकीस येऊ लागले.

यंत्रापुढील एक मिनिट

नंदुरबारचा एक मजूर बारडोलीजवळच्या दुकानात उभा आहे, असे समजू. त्याच्या कुटुंबात सहा माणसे आहेत. प्राधान्य गटातील कुटुंबाला माणशी ५ किलो या परिमाणाने त्यांना दरमहा ३० किलो धान्य मिळावयाचे आहे. (अंत्योदय कुटुंबाला माणसे कितीही असली तरी ३५ किलो मिळते.) दुकानदार ई-पॉस यंत्रावर त्याच्या शिधापत्रिकेचा अथवा आधारचा क्रमांक घालतो. विचारणा केंद्रीय भांडाराकडे जाते. कुटुंबातील सदस्यांची नावे पडद्यावर येतात. मजूर यंत्रावर बोट ठेवतो, आधारच्या आधारे त्याची ओळख पटते, आणि या महिन्यात किती धान्य शिल्लक आहे ते दिसते. गावी राहिलेल्या आईवडिलांनी आपल्या वाट्याचे १० किलो आधीच उचलले असतील तर येथे २० किलो शिल्लक दिसेल. धान्य मोजले जाते, पावती निघते, आणि त्याच क्षणी खातेवहीतील शिल्लक शून्य होते.

साऱ्या रचनेचा भार या शेवटच्या नोंदीवर आहे. दोन राज्यांतील दोन दुकानांतून एकाच महिन्याचे धान्य दोनदा उचलले जाऊ नये, आणि जे उरले आहे ते नाकारलेही जाऊ नये, या दोन्ही गोष्टी एकाच खातेवहीमुळे साध्य होतात. धान्य ‘अर्धे गावी, अर्धे कामाच्या ठिकाणी’ असे विभागून घेण्याची सोय ही हंगामी मजुराच्या दृष्टीने संपूर्ण योजनेतील सर्वांत मोलाची सोय म्हणावी लागेल. कारण त्याचे कुटुंब क्वचितच संपूर्णपणे गाव सोडते. केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये दिलेल्या माहितीनुसार राज्यांतर्गत व आंतरराज्य मिळून दरमहा सरासरी सुमारे ३ कोटी व्यवहार मूळ दुकानाबाहेर होत होते. त्यांतील फार मोठा भाग राज्यांतर्गत होता, ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

धान्य कोठून यावयाचे?

संगणकावरील शिल्लक आणि दुकानातील पोती या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रत्येक दुकानाचे मासिक नियतन त्याला जोडलेल्या शिधापत्रिकांवरून ठरते. ऊसतोडीच्या काळात एखाद्या दुकानी अचानक पाहुण्या शिधापत्रिकांची रीघ लागली, तर दुकानदाराला आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकांची चिंता वाटणे साहजिक आहे. पाहुण्याला धान्य दिले आणि महिनाअखेर गावातील कुटुंबाला ते कमी पडले, तर बोलणी त्याला खावी लागतात. ‘यंत्र चालत नाही’, ‘पुढच्या आठवड्यात या’ अशी उत्तरे कित्येकदा या भीतीतून येतात. सर्वच ठिकाणी अप्रामाणिकपणा असतो असे मानण्याचे कारण नाही.

यासाठी मागील महिन्यांतील व्यवहार पाहून दुकानाचे नियतन वाढविणे आणि ज्या दुकानातील शिधापत्रिका बाहेर गेल्या तेथील शिल्लक पुढील महिन्यात वळती करणे आवश्यक ठरते. त्याची आकडेवारी यंत्र तयार करून देते. परंतु ती पाहून वेळेवर आदेश काढणे हे तहसील आणि जिल्हा पुरवठा कार्यालयाचेच काम राहते. ऊसतोडीचा, वीटभट्टीचा किंवा द्राक्षबागांचा हंगाम कोणत्या महिन्यात सुरू होतो, हे तालुक्याच्या पुरवठा निरीक्षकाला कोणत्याही प्रणालीपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते.

अमेरिकेतील राज्यांचा अनुभव

एकच प्रणाली अनेक राज्यांनी मिळून वापरण्याचा मार्ग भारताने या कामी का टाळला, हे समजण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अनुभव उपयोगी पडतो. तेथेही अनेक कल्याणकारी योजनांची रचना आपल्यासारखीच दुहेरी आहे. चौकट केंद्राची, अंमलबजावणी राज्यांची. १९३५ च्या सामाजिक सुरक्षा कायद्याने आकारास आलेला बेकारी विमा प्रत्येक राज्य आपल्या स्वतंत्र कायद्यानुसार चालविते. भत्ता किती, किती आठवडे, पात्रता कशी, हे सर्व राज्यागणिक निराळे. या कामासाठी बसविलेल्या कित्येक राज्यांच्या संगणक प्रणाली कोबोल या जुन्या संगणकीय भाषेत लिहिलेल्या होत्या व त्या दुरुस्त करू शकणारी पिढी निवृत्त होत चालली होती.

तेव्हा खर्च वाटून घेण्यासाठी राज्यांनी गट करावेत, असे केंद्रीय श्रम विभागाने प्रोत्साहन दिले. वायोमिंग, कोलोरॅडो, ॲरिझोना आणि नॉर्थ डकोटा ही चार राज्ये एकत्र आली. कल्पना उत्तम होती. एक प्रणाली, चार वाटेकरी. परंतु चार कायदे, चार खाती आणि चार ठिकाणच्या कार्यपद्धती एका साच्यात बसविताना चर्चा लांबत गेली आणि सर्व राज्यांना चालेल अशी प्रणाली प्रत्यक्षात न येताच तो गट विसर्जित झाला. कोलोरॅडोने आपली स्वतंत्र नवी प्रणाली जानेवारी २०२१ मध्ये सुरू केली. याउलट मिसिसिपी आणि मेन या राज्यांच्या गटाने आधी चालू असलेली मिसिसिपीची प्रणाली पायाभूत मानली. मेनमध्ये ती डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाली. आरंभीच्या आठवड्यांत तेथील अर्जदारांना फार त्रास सोसावा लागला आणि विधिमंडळात त्याची चौकशीही झाली. तरीही प्रणाली टिकली आणि जुलै २०२२ मध्ये कनेक्टिकट राज्यही तिच्यात सामील झाले.

दरम्यान २०२० च्या मार्च महिन्यात महामारीमुळे तेथे एकाच आठवड्यात ६० लाखांहून अधिक नवे अर्ज आले. न्यू जर्सीच्या राज्यपालांना कोबोल जाणणाऱ्या स्वयंसेवकांसाठी जाहीर आवाहन करावे लागले. अर्ज मंजूर होऊनही भत्ता हाती पडण्यास कित्येक कुटुंबांना महिने लागले.

त्याच देशात गर्भवती स्त्रिया व बालकांना पोषक आहार देणाऱ्या ‘विक’ या कार्यक्रमाची गोष्ट मात्र वेगळी झाली. तेथे नॉर्थ कॅरोलायना, व्हर्जिनिया, वेस्ट व्हर्जिनिया आणि अलाबामा या राज्यांना एकच प्रणाली मिळून चालविता आली. या कार्यक्रमाचे बहुतेक नियम केंद्राने ठरविलेले आहेत, हा फरक येथे निर्णायक दिसतो. जेथे नियम एक, तेथे प्रणाली वाटून घेता येते. जेथे नियमच निराळे, तेथे प्रणाली वाटून घ्यावयास बसलेली मंडळी प्रत्यक्षात कायद्यांवर वाद घालीत राहतात.

काय प्रवास करते, काय गावीच राहते

भारतातील शिधापत्रिका सीमा ओलांडू शकली याचे कारणही हेच आहे. अन्न सुरक्षा अधिनियमाने माणशी ५ किलो हे परिमाण देशभर एक ठेवले. दरही एकच होते, तांदूळ ३ रुपये, गहू २ रुपये आणि भरडधान्य १ रुपया. जानेवारी २०२३ पासून तर हे धान्य विनामूल्य करण्यात आले. एवढा समान गाभा नसता, तर नंदुरबारच्या मजुराला बारडोलीत कोणत्या नियमाने किती द्यावयाचे, यावरच सारे अडले असते.

पण राज्ये आपल्या तिजोरीतून जे अधिक देतात ते या व्यवस्थेत प्रवास करीत नाही. तामिळनाडूत तांदूळ विनामूल्य मिळत असताना त्या राज्याबाहेर गेलेल्या कामगाराला केंद्राच्या दराने पैसे मोजावे लागत होते. महाराष्ट्र शासनाने २०२२ च्या दिवाळीत दिलेला ‘आनंदाचा शिधा’ सुरतेच्या दुकानात मिळणे शक्य नव्हते. तसेच राष्ट्रीय अन्न सुरक्षा योजनेत समाविष्ट नसलेल्या केशरी शिधापत्रिकेवर परराज्यात धान्य मिळत नाही. योजनेच्या घोषणा ऐकून दुकानात गेलेला माणूस निराश होऊन परततो, त्याची कित्येक कारणे या फरकात सापडतात, आणि तो कोणी त्याला आधी समजावून सांगितलेला नसतो.

राज्ये एकत्र आली ती केवळ सद्भावनेने, असेही म्हणता येणार नाही. मे २०२० मध्ये केंद्राने राज्यांची कर्जमर्यादा वाढविताना तिचा काही भाग सुधारणांशी जोडला. ही योजना पूर्ण करणाऱ्या राज्याला आपल्या सकल उत्पन्नाच्या ०.२५ टक्के इतके अधिक कर्ज उभारता येऊ लागले. पुढे २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उरलेल्या राज्यांना ३१ जुलैपर्यंतची मुदत दिली. टाळेबंदीत हजारो मजूर पायी गावाकडे निघालेले सर्वांनी पाहिले होते. तो प्रसंग घडला नसता तर शेवटची राज्ये इतक्या लवकर आली असती किंवा नाही, ही शंकाच आहे.

गाव सोडण्यापूर्वी

या व्यवस्थेतील सर्वांत दुबळा दुवा म्हणजे बोटाचा ठसा. कोयता धरून आणि विटा वाहून ज्यांची बोटे झिजली, त्यांचेच ठसे यंत्राला ओळखू येत नाहीत. आपल्या गावच्या दुकानात अशा माणसाला ओळखणारे कोणी तरी असते आणि प्रतिनिधीमार्फत किंवा अन्य पुराव्यावर धान्य देण्याची तजवीज करता येते. परमुलखात मात्र यंत्राने नाकारले, की त्याच्याजवळ बोलावयास दुसरा साक्षीदार नसतो. म्हणून कुटुंबातील एकाच नव्हे, तर बाहेर जाणाऱ्या प्रत्येक प्रौढ सदस्याचा आधार क्रमांक शिधापत्रिकेशी जोडलेला असणे अगत्याचे ठरते. नवऱ्याचा ठसा उमटला नाही तर बायकोचा उमटेल, एवढा साधा हिशेब त्यामागे आहे.

दुसरा धोका गावातच असतो. कुटुंबातील चार माणसे बाहेर गेली असता मागे राहिलेल्या म्हाताऱ्याच्या एका अंगठ्यावर संपूर्ण ३० किलोची उचल नोंदविली गेली, तर बारडोलीच्या यंत्रावर त्या महिन्याची शिल्लक शून्यच दिसणार. धान्य खरोखर घरी पोचले असेल तर तक्रार नाही. पण १० किलो देऊन ३० किलोची पावती निघाली असेल, तर चोरी गावात होते आणि तिची ठेच शेकडो किलोमीटर दूर लागते. ग्राम दक्षता समितीने हंगामाच्या महिन्यांत पावत्या आणि प्रत्यक्ष दिलेले धान्य पडताळून पाहिल्यास हा प्रकार ध्यानात येऊ शकतो. समितीच्या बैठका मात्र बहुधा अशा वेळी होतात, जेव्हा निम्मे गाव बाहेर असते.

भाद्रपद-आश्विनातील एखाद्या ग्रामसभेत बाहेर जाणाऱ्या कुटुंबांची यादी करणे, त्यांची आधारजोडणी तपासणे, शिधापत्रिकेचा क्रमांक पाठ करविणे किंवा मुलाच्या वहीत लिहून देणे ही कामे खर्चाची नाहीत. शाळेतील शिक्षकांजवळ ही यादी बहुतेक तयारच असते, कारण पटावरील कोणती मुले कार्तिकात नाहीशी होतात हे त्यांना दरवर्षी दिसते. तक्रारीसाठी १४४४५ हा दूरध्वनी क्रमांक राखून ठेवण्यात आला आहे, आणि मार्च २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेरा राशन’ या मोबाइलवरील सोयीतून जवळचे दुकान व आपले व्यवहार पाहता येतात. परराज्यात धान्य घेण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागत नाही व शुल्कही नाही, ही माहिती मुकादमांकडून नव्हे तर पंचायतीकडून मजुरांना मिळाली पाहिजे.

धान्यापलीकडे हाच प्रश्न बांधकाम कामगारांच्या बाबतीत उभा आहे. १९९६ च्या कायद्यान्वये प्रत्येक राज्यात त्यांच्यासाठी कल्याणकारी मंडळ झाले; परंतु एका मंडळाची नोंदणी दुसऱ्या राज्यातील लाभांसाठी आपोआप ग्राह्य धरली जावी, अशी रचना त्या मंडळांच्या स्थापनेत नव्हती आणि लाभांची यादीही प्रत्येक मंडळाची निराळी राहिली. ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झालेल्या ई-श्रम नोंदणीने असंघटित कामगाराला देशभर चालणारा एक क्रमांक दिला. त्या क्रमांकामागे माणशी ५ किलोसारखा एखादा समान हक्क कोणता असावा, हे ठरविण्याचे काम संगणकतज्ज्ञांचे नाही. ते राज्यांच्या श्रम खात्यांना एकत्र बसून करावयाचे आहे.